आवतणावर माझा आवाज

मी आमच्या रेडिओ केंद्राच्या एकेचाळीस जुन्या कॅसेटींवर माझा आवाज रेकॉर्ड केला. कोऱ्या कॅसेटी नव्हेत, भरलेल्या. त्या जतन करायचं काम माझ्याकडे होतं आणि हे मी जतनाचाच एक भाग म्हणून केलं.

हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलं आहे. निम्मे लोक लगेच हसतात. उरलेले 'म्हणजे?' असं विचारतात आणि समजावून सांगितलं की तेही हसतात. अजिबात न हसलेली माणसं फक्त तीन, आणि तिघीही बायका. हे त्यांच्याबद्दल आहे.

केंद्र म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. कल्याणातल्या एका संस्थेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, गच्चीवर एक मनोरा. आवाज पोचायचा जेमतेम आठ-दहा किलोमीटर. डोंबिवलीत आमच्या गॅलरीच्या कठड्यावर ट्रान्झिस्टर आडवा ठेवला तर मी ऐकू यायचो. "तेवढ्यासाठी गॅलरीत कोण उभं राहील," असं म्हणून बायको आत टीव्ही लावायची. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी निवेदन करायला जायचो. निवृत्त झाल्यावर दुपारीही जायला लागलो, कारण घरी माझं निवेदन कुणी ऐकत नव्हतं.

केंद्र चालवणाऱ्या बाई शिस्तीच्या. सुरुवातीलाच त्यांनी आम्हाला एक नियम घालून दिलेला: कुठलंही रेकॉर्डिंग करताना आधी तोंडाने बोलायचं. कोण, कुठे, कशाबद्दल. "लेबल गळून पडतं, आवाज पडत नाही," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, यंदा इमारत दुरुस्तीला निघाली म्हणून लोखंडी कपाट रिकामं केलं, तेव्हा बहुतेक कॅसेटींची लेबलं कसरीने खाल्लेली होती. आजूबाजूच्या गावांतून आम्ही गोळा केलेलं सगळं त्या कपाटात होतं. डब्यांवरचे क्रमांक तेवढे उरलेले, आणि कुठल्या क्रमांकात काय ते नोंदीच्या वहीत. बाई म्हणाल्या, "या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. तेव्हा बोलायला विसरलात, आता तरी प्रत्येकीच्या सुरुवातीला ओळख बोला, म्हणजे पुढे गोंधळ नको."

त्यांना म्हणायचं होतं, कॉम्प्युटरवर घ्याल त्या प्रतीत बोला. मी कॅसेटीतच बोललो.

मला कुणी अडवलं नाही असं नाही. कॅसेटीने अडवलं. कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन बारीक पाकळ्या असतात. त्या मोडून टाकल्या की यंत्राचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, आतला आवाज सुरक्षित राहतो. बाईंनी त्या काळी एकूण एक कॅसेटीच्या पाकळ्या स्वतःच्या हाताने मोडून ठेवलेल्या. बटण दाबेना, तेव्हा शहाण्या माणसाने जरा विचार केला असता. मी खाली जाऊन चिकटपट्टीचं रीळ आणलं. मोडलेल्या जागी पट्टी लावली की यंत्र फसतं, ही युक्ती मला तरुणपणापासून येते. इतक्या वर्षांनी ती कामाला आली म्हणून मी शीळही घातली.

कॅसेटीच्या सुरुवातीला थोडी कोरी फीत असते, तेही मला माहीत होतं. ती असते पाच-सात सेकंदांची. पाच-सात सेकंदांत माझं 'नमस्कार रसिकहो' सुद्धा संपत नाही.

दुसऱ्या दिवशी उतरवून घ्यायला बसलो. पहिल्या कॅसेटीत आधी मी ऐकू आलो, ऐटीत. मग एकदम, वाक्याच्या मधूनच, एक म्हातारे गृहस्थ बोलायला लागले. मला वाटलं, फीत खराब असेल. दुसऱ्या कॅसेटीत मी, आणि मग अर्ध्या ओळीपासून भजन. तिसऱ्या कॅसेटीतही तेच. उठून मी आधी दाराला कडी लावली. मग सगळ्या चिकटपट्ट्या एकेक करून सोलून काढल्या, जणू त्याने काही परत येणार होतं.

कुणाला सांगितलं नाही. स्वतःची समजूत घातली की पहिल्या चाळीस सेकंदांत असतंच काय? खाकरणं, खुर्ची सरकवणं, 'चालू झालं का?' असं विचारणं. दोन दिवस ही समजूत छान टिकली.

सोमवारी दुपारी एक बाई आली. चाळिशीची, हातात हेल्मेट, पदर कमरेला खोचलेला. खाडीकाठच्या एका आगरी गावातून स्कूटर चालवत आलेली. दारातूनच म्हणाली, "माज्या सासूचा धवला हाय ना तुमच्याकरं?"

सासूचं नाव सांगितल्याबरोबर मला ओळख पटली. या बाजूच्या आगऱ्या-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण लागते. हळदीपासून पुढचे सगळे विधी ती गाऊन लावते. तिचं गाणं तो धवला, आणि तो झाल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. हिची सासू त्या भागातली नावाजलेली धवलारीण. मीच तिच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली.

बाईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सासूला दिवालीच्या मागं झटका आला," ती म्हणाली. "उजवी बाजू गेली, बोलनं गेलं. डोक्यात सगला हाय, तोंडात नाय. पुढच्या बुधवारी गावात लगीन हाय. मंगलवारी हलद. पयल्यांदा मी एकटी जानार. बाकी सगला येतं मना. आवतन नाय येत."

आवतण म्हणजे काय ते तिने उभ्यानेच सांगितलं. धवल्याच्या आधी देवांना लग्नाचं बोलावणं करायचं. कुठल्या देवांना, कुठल्या क्रमाने, हे त्या घराण्याचं स्वतःचं असतं. तिची सासू ते देव्हाऱ्यासमोर भिंतीकडे तोंड करून, तोंडावर पदर घेऊन पुटपुटायची. मोठ्याने नाही, कुणाला शिकवायचं नाही. ज्या दिवशी काम सोडायचं, त्या दिवशी सुनेच्या कानात सांगायचं असा त्यांच्यातला रिवाज. तो दिवस यायच्या आधी झटका आला.

"एक देव जरी ऱ्हायला," सून म्हणाली, "आन त्या पोरीच्या संसारात काय झालं, तं गाव मना बोलनार. आवतन नसंल तं मी उभीच नाय ऱ्हानार. ते लोक दुसऱ्या गावची बाई आनतील, मंग आमच्या घरातून हे गेलंच." मग तिने विचारलं, "तिनं रेडिओसाठी मोठ्यानं बोललेलं. एकदाच. खरं ना?"

खरं होतं. आणि बोलायला लावलं होतं मीच. 'आई, ऐकणाऱ्याला कळायला नको का?' असं तासभर गोड बोलून तिला तोंडावरचा पदर काढायला लावला होता. माझ्या निवेदनाच्या कारकिर्दीतली ती एक बढाई होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "आहे ना आपल्याकडे? तुमचंच रेकॉर्डिंग."

"आहे," मी म्हणालो. कॅसेट होती, म्हणजे तसं खोटं नव्हतं. "काढून ठेवतो. दोन-तीन दिवसांत."

"कितव्या दिवशी?" सुनेने विचारलं.

"गुरुवारी."

ती गेल्यावर मी कॅसेट लावली. नेमकी ही ओळख मी मनापासून केली होती. 'नमस्कार रसिकहो, खाडीवरचा खारा वारा, मिठागरांची पांढरी शुभ्र...' असं काहीतरी. एकावन्न सेकंद. मग माझा आवाज खटकन तुटला आणि म्हातारीचा आवाज एका शब्दाच्या पोटातून वर आला. शेवटच्या दोन देवांची नावं स्वच्छ होती. त्याआधीचं सगळं मी खाल्लेलं.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पान बाजूला सरकवून समोर बसली, तेव्हा सांगितलं.

"सगळ्या कॅसेटी?" ती म्हणाली.

"एकेचाळीस."

"एक झाल्यावर ऐकून नाही बघितलीत?"

"माझाच आवाज होता. त्यात काय ऐकायचं?"

"बघा, आज पहिल्यांदा असं वाटलं तुम्हाला." मग ती गंभीर झाली. "उद्या सकाळी जाऊन सांगून टाका केंद्रातल्या बाईंना."

"गुरुवारपर्यंत काहीतरी मार्ग निघेल."

"काय निघेल? ती म्हातारी गुरुवारी उठून गाणार आहे का?"

मंगळवारी मी केंद्रातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक खण उपसला. कार्यक्रम प्रसारित झाला होता, त्याची प्रत कुठेतरी असणार अशी आशा होती. नव्हती. प्रसारित झालेलं तीन महिने सांभाळायचं असतं, मग त्यावर नवं चढतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं नवं चढत आलेलं. दुपारी सुनेचा फोन आला. "सापरली का काका?" मी म्हणालो, शोधतोय. बुधवारी सकाळी पुन्हा फोन. हळद दळायला टाकली, असं म्हणाली. मी फोन ठेवला आणि कालचेच खण पुन्हा एकदा उपसले.

आणि मग मला तो शिंपी आठवला.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर एका गाळ्यात त्याचं दुकान. आमचा सर्वांत निष्ठावान श्रोता, आणि आयुष्यात त्याने आमचं एकदाही कौतुक केलेलं नाही. दर आठवड्याला पोस्टकार्ड: काल सव्वासात वाजता घरघर येत होती. परवा मध्येच दोन मिनिटं बंद पडलात. बाईंनी एकदा उत्तरात 'आमच्याकडे तशी नोंद नाही' असं कळवलं. तेव्हापासून पुरावा म्हणून हा माणूस कपडे शिवता शिवता आमचे कार्यक्रम टेप करायला लागला. एक कॅसेट घेऊन केंद्रावर आलाही होता. जाताना म्हणाला होता, 'अजून भरपूर आहेत.'

बुधवारी दुपारी मी त्याच्या दुकानात उभा होतो. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"निवेदक साहेब! आवाज बसलाय तुमचा. लोकांचं नशीब."

मी काय हवंय ते सांगितलं. कशासाठी तेही सांगितलं, फक्त कॅसेट कुणी पुसली हे मोघम ठेवलं. तो उठला. माळ्यावरून चिंध्या जोडून शिवलेल्या चार पिशव्या खाली काढल्या. कॅसेटी त्याने दोषांप्रमाणे लावलेल्या. प्रत्येक पिशवीवर खडूने लिहिलेलं: 'घरघर.' 'मध्येच बंद.' 'वेळ चुकली.' चौथी पिशवी बाकीच्या तिन्हींएवढी फुगलेली. तिच्यावर लिहिलेलं: 'निवेदक फार बोलतो.'

"धवलारणीचं ह्यात असेल," तो म्हणाला.

ह्यातच होतं. त्याने कॅसेट लावली आणि यंत्र कण्हायला लागलं. आतला पट्टा ढिला झालेला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, मग एकदम घरंगळल्यासारखा, मग बंद. झाकण उघडलं तर फीत चाकाला गुंडाळली गेलेली. शिंप्याने कात्री उचलली.

"अहो, नको!" मी ओरडलो.

"ओरडू नका. हात हलतो." कात्रीच्या बोथट टोकाने तो फीत एकेक वेढा सोडवत राहिला. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक रिक्षा येऊन थांबली, माणसं उतरली, रिक्षा गेली, दुसरी आली. मागे कात्रीचा आवाज अजून चालूच. शेवटी तो म्हणाला, "या." फीत सुटली होती. सुरकुतलेली, पण अखंड. शेजारच्या दुकानातून त्याने दुसरं यंत्र मागून आणलं.

आधी आमची धून. मग म्हातारीचा आवाज, खालच्या पट्टीत, थरथरता. आवतणाचा पहिला शब्द. मी डोळे मिटले.

आणि मग मी आलो. 'नमस्कार रसिकहो.'

त्या काळी मला वाटलं होतं की आवतण फार संथ आहे, ऐकणारा कंटाळेल. म्हणून तिचा आवाज खाली घेऊन मी वर बोललो होतो. मिठागरं, वारा, परंपरा, संस्कृती, सगळं त्या एका मिनिटात आलेलं. तासभर मिनतवाऱ्या करून जे तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, ते मीच गाडून टाकलेलं. कॅसेट पुसली नसती तर निदान हे कुणाला कळलं नसतं.

"मी तेव्हाच पोस्टकार्ड टाकलेलं," शिंपी म्हणाला. "बाई गातायत आणि हे काय मध्ये? तुम्ही ते रेडिओवर वाचून दाखवलंत. हसत हसत."

मला तेही आठवलं.

पण एक गोष्ट होती. मला श्वास घ्यावा लागत होता. मी थांबलो की एक-दोन शब्द वर यायचे आणि मी पुन्हा सुरू झालो की बुडायचे. कॅसेट मागून घेतली. शिंप्याने ती देताना वहीवर माझी सही घेतली.

गुरुवारी सकाळी मी बाईंच्या समोर उभा राहून सगळं सांगितलं. चिकटपट्टीसकट. संपल्यावर त्यांनी खणातून कॅसेटींच्या नोंदीची वही काढली.

"प्रत्येक कॅसेटीपुढे लिहा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीचे इतके सेकंद पुसले गेले. कोणी पुसले, ते पूर्ण नावानिशी. पुढे कुणी हे ऐकायला बसलं तर त्याला कळायला हवं की इथे काहीतरी होतं."

"एकेचाळीस वेळा?"

"तुम्ही एकेचाळीस वेळा बोललात ना?"

मग त्या उठल्या, कॉम्प्युटर आणि हेडफोन पिशवीत भरले आणि म्हणाल्या, "चला. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

गावात शिरलं की एका बाजूला जुनी घरं आणि दुसऱ्या बाजूला एकदम बावीस-बावीस मजले. धवलारणीचं घर जुन्या बाजूला, पण खिडकीतून दिसायचे टॉवरच. म्हातारी खाटेवर उशांना टेकून बसलेली. उजवा हात मांडीवर निर्जीव, डावा मात्र जागा. मला ओळखलं की नाही कळलं नाही. नजर हलत नव्हती.

मी सुनेला सांगितलं. ओट्यावर चार हळदीकुंकवाची ताटं घासून पालथी घातलेली होती. ती ऐकत ऐकत एक ताट उचलून पुन्हा पुसायला लागली.

"म्हंजे नाय," ती शेवटी म्हणाली.

"थोडं आहे," बाई म्हणाल्या. "शेवट स्वच्छ आहे. सुरुवातीचं यांच्या आवाजाखाली आहे. ऐकून तर बघ."

शिंप्याची कॅसेट आम्ही कॉम्प्युटरवर घेतली होती. लावली, आणि त्या खोलीभर मी. रसिकहो, वारा, मिठागरं. म्हातारीचे डोळे आवाजाकडे गेले, मग माझ्याकडे. आता ओळखलं. मला उठून जावंसं वाटलं, पण दाराशी बाई बसल्या होत्या.

सुनेने हेडफोन कानाला लावले. "परत." बाईंनी मागे घेतलं. "परत." माझ्या पहिल्या श्वासात एक नाव होतं. तिने ते मोठ्याने उच्चारलं आणि सासूकडे पाहिलं. म्हातारीचा डावा हात खाटेवर तसाच पडून राहिला. दुसऱ्या श्वासात अर्धा शब्द. सुनेने एक देवी सांगितली. फाट्! म्हातारीने खाटेच्या कडेवर तळहात आपटला. मी दचकलो. सुनेने दुसरी देवी सांगितली. हात पडून.

"नाय असंल तं मारते," सून म्हणाली. "असंल तं गप."

तसं ते सुरू झालं. एक एक श्वास, एक एक नाव. कधी तीनदा फाट्, मग शांत. नाव बरोबर पण क्रम चुकला तरी फाट्. दुपारचं ऊन खिडकीतून खाटेवर आलं. सून सासूला पाणी पाजून पुन्हा हेडफोन लावायची. म्हातारीचा हात लाल झाला होता, पण ती थांबू देईना. मधेच तिचे ओठ हलायचे, आणि एक नुसता घोगरा आवाज निघायचा. त्या आवाजाने तिलाच राग यायचा.

सगळं जुळलं. एक जागा सोडून. तिथे मी श्वासच घेतला नव्हता. 'आपल्या या समृद्ध लोकसंस्कृतीच्या' असं एक लांबलचक वाक्य मी एका दमात म्हटलेलं, आणि खाली नुसती हुंकारासारखी लय. एक नाव तिथे बुडालेलं, फार तर तीन-चार अक्षरांचं.

सुनेने ठाऊक होते ते सगळे देव सांगून पाहिले. गावदेवी झाली, कुलदैवत झालं, डोंगरावरची देवी झाली. फाट्, फाट्, फाट्. शेजारची बाई डोकावली, तिनेही दोन सांगितले. फाट्. सुनेचा चेहरा उतरत चालला. "आये, आता मना ठावं असलेला एक बी देव नाय उरला," ती म्हणाली, आणि हेडफोन काढून खाटेवर ठेवले.

म्हातारीने डावा हात उचलला. आपटला नाही. खिडकीकडे धरला.

"टॉवर?" सून म्हणाली.

फाट्. आणि पुन्हा हात खिडकीकडे.

"पानी? खारी?" खाडी. फाट्.

कुणी काही बोलेना. मीही नाही, हे नमूद करतो. मग सून हळूच उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत राहिली. "टॉवरच्या आधी हितं काय व्हतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "मिठागर व्हतं. आमच्या लग्नाच्या टायमाला. आन मिठागराच्या बांधावर..." ती वळली. "बांधावरचा देव! त्याला नाव नव्हतं, आये. नुसता शेंदराचा दगर. त्याला बी?"

म्हातारीचा हात खाली आला, चादरीवर टेकला आणि तसाच राहिला. कितीतरी वेळ. शेजारीण धरून आम्ही चौघं त्या हाताकडे बघत होतो. तो हलला नाही.

त्या देवाला रेडिओवर माझ्या समृद्ध लोकसंस्कृतीखाली पुरलेलं, आणि तिकडे बांधावर टॉवरच्या पार्किंगखाली. सून तिथेच खाली बसली, पदर तोंडावर घेतला, भिंतीकडे वळली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. पुटपुटत, सासूसारखं. आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हातारीला आलं असावं. ती मान हलवत होती.

निघताना बाईंनी विचारलं, मंगळवारी तू गाशील त्याचं रेकॉर्डिंग करू का, आवतणापासून? केंद्रात कुलूपबंद राहील, तू सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. सुनेने सासूकडे पाहिलं. हात गप होता.

"पन मोठ्यानं नाय म्हननार," सून म्हणाली. "जवल ठेवा मशीन."

मंगळवारी मी नवं रेकॉर्डर घेऊन गेलो. घरून निघताना बायकोने शर्टाची कॉलर नीट केली आणि 'पाणी जास्त प्या, तोंड भरलेलं राहू दे' असं सांगितलं. लग्नघरच्या मांडवात हळदीचा वास, बायकांची गर्दी, चुलीवर मोठी पातेली. आत देव्हाऱ्याच्या खोलीत सून बसलेली, हिरवी साडी, कपाळाला हळद. सासूला उचलून आणून तिच्या पाठीशी खुर्चीत बसवलेलं. नवरीची आई दाराच्या चौकटीला धरून उभी, जुनी माणसं मागे कान देऊन. त्यांना अजून खात्री नव्हती. ते त्यांच्या उभं राहण्यात दिसत होतं.

मी वाकून मशीन सुनेच्या गुडघ्याजवळ ठेवलं. लाल दिवा लागला. नियमाप्रमाणे आधी ओळख बोलायची असते, कोण, कुठे, कशाबद्दल. अगदी थोडक्यात, असं मी मनाशी ठरवलंही होतं. घसा साफ केला.

सुनेने पदर तोंडावर घेता घेता हात वर केला. सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं.

"काका, मशीन ऱ्हाऊ दे हितं. तुमी भायेर जाऊन बसा. जेवान लागलं का हाक मारीन."